९८०० एमएएच लिहिलेला सेल भरला २७ ग्रॅम!

मामांच्या द्राक्षबागेत मातीतला ओलावा मोजायला ईएसपी-३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड) बसवायचा होता. बागेतली लाईट पाळीपाळीने येते, तीही बहुतेक रात्री, त्यामुळे बॅटरीशिवाय गत्यंतर नव्हतं. ऑनलाईन १८६५० (हे सेलच्या आकाराचं नाव) लिथियम सेलची जोडी आणि चार्जिंग मॉड्यूल असा सेट मागवला. सेलवर ठसठशीत छापलेलं : ३.७ व्होल्ट, ९८०० एमएएच (म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप). खाली कौतुकाचा पाऊस.

बोर्ड सकाळी सुरू केला की संध्याकाळी बंद. रात्रभर चार्ज केलेल्या सेलला मीटर लावला तर ४.१ व्होल्ट, म्हणजे सेल भरलेला. पण वाय-फाय चालू झालं की आकडा धाडकन तीनच्या आसपास, आणि बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या सिरीयल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ची, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्याची, ओळ. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं : “सर, सेल ओके आहे. तुमचा बोर्ड करंट जास्त खातो.”

हे उत्तर तुम्हालाही मिळेल, आणि ते पटतं, हीच खरी गोम. वाय-फायवर माहिती पाठवताना हा बोर्ड क्षणभर अर्ध्या अँपिअरच्या घरात जातो हे खरंच आहे. पण अस्सल १८६५० दोन अँपिअर आरामात देतो. एवढ्याशा ओझ्याने तो असा गुडघे टेकत नाही.

मामा म्हणाले, वजन तरी करून बघ. सोनारकाकांच्या काट्यावर सेल ठेवला तर २७ ग्रॅम. चांगल्या कंपनीचा सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. “अरे, यात तर निम्मी खोट आहे,” काका म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होतं. लॅपटॉपच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे असाच एक कापलेला नमुना होता : बाहेर पत्र्याचं नळकांडं, आत छोटासा सेल, उरलेल्या जागेत पांढरी भुकटी. (घरी कापायला जाऊ नका, आग लागते.) त्याने टेस्टरवर माझा सेल उतरवला, क्षमता निघाली जेमतेम ९०० एमएएच. या आकाराचे बाजारात सहज मिळणारे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. ९८०० ही शुद्ध थाप.

मॉड्यूलमध्येही हात मारला होताच. जाहिरातीतल्या फोटोत टीपी-४०५६ वर (हे त्या चार्जिंग मॉड्यूलचं नाव) बॅटरीचे दोन आणि आउटपुटचे दोन असे वायर जोडायचे वेगळे टाके होते. हातात आला तो फक्त बॅटरीच्या टाक्यांचा, म्हणजे संरक्षणाची चिप नसलेला. असा मॉड्यूल सेल पार तळापर्यंत उपसू देतो, आणि तसा उपसलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं.

आता जोडणी अशी आहे : वजन करून घेतलेला सेल, संरक्षणवाला मॉड्यूल, एक फ्यूज, मग व्होल्टेज वाढवून देणारा ५ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर आणि तिथून बोर्डाची ५ व्होल्टची पिन. सेल थेट ३.३ च्या पिनवर जोडू नका. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि चिपची मर्यादा ३.६ आहे. प्रोग्रॅम टाकायला यूएसबी लावताना बॅटरी काढून ठेवा.

ग्राहक हेल्पलाईनवर, १९१५ ला, काट्याचा आणि टेस्टरचा फोटो देऊन तक्रार केली तेव्हा कुठे विक्रेता नरमला. पैसे आले. तोच सेल आता दुसऱ्या नावाने, ९९०० एमएएच म्हणून विकतोय. घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. माझ्या सेलवर तो क्रमांक नव्हताच.