नाव कळेपर्यंत तत्पर सेवा

छत्रपती संभाजीनगरात भाड्याची घरे मिळवून देणाऱ्या एका एजन्सीची सेवा मी दोनदा घेतली, एकदा घरमालक म्हणून आणि एकदा भाडेकरूच्या बाजूने. हे दोन्ही अनुभव शेजारी ठेवल्याशिवाय तिचे खरे मोल सांगता येणार नाही, म्हणून हा अभिप्राय लांबला आहे. एजन्सीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्याविषयी लिहायचे आहे ते या एकाच दुकानात मिळते असे नाही.

आधी चांगले सांगतो. फोन लगेच उचलला जातो आणि दिलेली वेळ पाळली जाते. नळाला किती दिवसांआड पाणी येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का, गच्चीवरची टाकी किती लिटरची, हे न विचारताच सांगितले जाते, आणि या शहरात राहणाऱ्यांना या माहितीची किंमत ठाऊक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी घरमालकाची असते. पुष्कळ दलाल स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन मोकळे होतात, पण ही मंडळी घरी येऊन अंगठ्यांचे ठसे घेतात आणि अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवून देतात. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी आहे. घरे दाखवण्याचे ५०० रुपये वेगळे घेतले जातात.

कार्यालय लहान पण नेटके आहे. भिंतीवर साईबाबांच्या चित्राचे कॅलेंडर असून त्याखाली ‘सबका मालिक एक’ असे छापलेले आहे, आणि दारातल्या पाटीवर जात-धर्म न पाहता प्रत्येकाला घर मिळवून देण्याचे आश्वासन आहे. मालिक एक असला तरी घरमालक अनेक असतात, ही अडचण पाटी रंगवणाऱ्याच्या लक्षात आली नसावी.

गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक परभणीहून बदलून आले. त्यांचे आडनाव देशमुख. मराठवाड्यात देशमुखी ही वतनाची बाब होती, धर्माची नव्हे, त्यामुळे येथे मुसलमान देशमुख आहेत, तसेच मुसलमान पाटील आणि इनामदारही आहेत. हे येथल्या जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. एजन्सीतल्या तरुणाला मात्र ते ठाऊक नव्हते. मी फोनवर “आमच्या देशमुख सरांना दोन खोल्या-हॉल-किचन हवे आहे, चौघांचे कुटुंब आहे” एवढेच सांगितले आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर पाच घरांचे फोटो आले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांपैकी तीन घरे पाहिली. एका घरच्या मालकीणबाईंनी तर सरांना आग्रहाने चहा पाजला आणि मुलांची शाळा जवळच असल्याचे दोनदा सांगितले. भाडे साडेतेरा हजार ठरले, डिपॉझिट दोन महिन्यांचे, आणि टोकन देण्यासाठी आम्ही कार्यालयात परतलो. करारासाठी आधार कार्ड लागते. सरांनी ते टेबलावर ठेवले.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात कोणीही कोणाचा अपमान केला नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. तरुणाने कार्ड वाचले, पुन्हा वाचले, बाहेर जाऊन फोन केला आणि परत येऊन सांगितले की ते घर कालच दुसऱ्या एजंटमार्फत गेले आहे. उरलेल्या दोन घरांपैकी एकात मालकाचा मुलगा अचानक राहायला येणार होता आणि दुसऱ्यात रंगकाम निघाले होते. “सर, मला काहीच प्रॉब्लेम नाही, माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत, पण सोसायटीवाले ऐकत नाहीत,” असे तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच ओशाळलेला होता. त्याच रात्री माझ्या भाच्याने त्या रंगकाम निघालेल्या घरासाठी फोन केला, तेव्हा ते घर मोकळे होते आणि रंगकामही झालेले होते.

दोन दिवसांनी आम्ही दोघे एजन्सीच्या मालकांकडे गेलो. ते माझ्याच वयाचे, अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांनी वाद घातला नाही, कपाटातून नोंदणी अर्जांची फाईल काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “माझ्याकडे मागणी येते, ती मी लिहून घेतो. तुम्हीच बघा.” अर्जांवर ‘विशेष पसंती’ असा एक रकाना होता. त्यात कुठे ‘शाकाहारी’, कुठे ‘आपल्यातली फॅमिली’, कुठे ‘आडनाव आधी कळवणे’ असे लिहिलेले होते. ‘मुसलमान नको’ असे एकाही अर्जावर नव्हते. मुसलमान वस्तीतल्या एका घरमालकाच्या अर्जावरही ‘आपल्यातलेच लोक’ असे होते, आणि बौद्ध भाडेकरूंना टाळण्यासाठी आडनावाचा रकाना सर्वांत जास्त वापरला जातो, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ज्या शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी १९७८ ते १९९४ इतकी वर्षे लागली, त्या शहरात हे ऐकून मला आश्चर्य वाटायला नको होते.

फाईल चाळताना माझाही अर्ज निघाला. २०१९ मध्ये मी माझा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी भरला होता. ‘विशेष पसंती’पुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘शाकाहारी, आपल्यातलेच कुटुंब.’

आमच्या घरी दर रविवारी मटण शिजते. माझ्या भाडेकरूंकडेही शिजते, मला त्याचा वास जिन्यात येतो आणि मी कधी हरकत घेतलेली नाही. तेव्हा ‘शाकाहारी’ या शब्दाचा माझ्या अर्जावर काय अर्थ होता, हे एजन्सीला न सांगता कळले होते, आणि त्याच कौशल्यासाठी मी दलाली मोजली होती. मी मराठी शिकवतो. पैठणच्या एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगत आलो आहे: ते दोघे एकमेकांच्या आचारातल्या विसंगतींवर कसे तुटून पडतात, आणि भांडण संपते तेव्हा कसे गळाभेट घेतात. वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन कसे शेजारी नांदले, हेही सहलीला नेलेल्या प्रत्येक तुकडीला सांगितले आहे. या परंपरेवर माझे प्रेम खरे आहे. ईदला मी शीरखुर्मा खायला जातो, परभणीच्या उरुसालाही एकदा गेलो होतो. फक्त पाहुणा म्हणून जाणे आणि अकरा महिन्यांसाठी किल्ली देणे या दोन गोष्टी मी कधी एकमेकींसमोर ठेवून पाहिल्या नव्हत्या.

देशमुख सर शेजारीच बसले होते. हजेरीपत्रकावर रोज पाहून माझे अक्षर त्यांना ओळखू येते. त्यांनी तो कागद हातात घेतला, शांतपणे वाचला आणि विचारले, “तेव्हा भाडं नऊच हजार होतं का सर?” मी हो म्हणालो. त्यांनी कागद फाईलमध्ये परत ठेवला.

कायद्याचे म्हणाल, तर संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वतःचे घर कोणाला भाड्याने द्यावे याचा मात्र नाही. २००५ मध्ये गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ पारशी सभासद घेण्याचा तिचा नियम वैध ठरवला. तेव्हा ‘विशेष पसंती’च्या रकान्याविरुद्ध तक्रार करायची ठरवली तरी ती कुठे आणि कोणत्या कलमाखाली करायची, हा प्रश्न राहतोच. लेखी नकार तर मिळतच नाही. एजन्सीने सरांना एकही कागद असा दिला नाही ज्यावर ‘नाही’ लिहिलेले आहे, आणि घरे दाखवण्याचे ५०० रुपयेही परत केले नाहीत. माझ्या दृष्टीने हा या सेवेतला सर्वांत उघड दोष आहे: जी घरे मिळणार नव्हती, ती दाखवण्याचे पैसे घेतले गेले.

सरांना शेवटी एका ओळखीतून पडेगावच्या बाजूला घर मिळाले. तेथून महाविद्यालय बरेच लांब पडते आणि मुलांना शाळेसाठी रिक्षा लावावी लागली. ओळखीतून घर मिळणे चांगलेच, पण मग दलालाची गरज काय, असे ते एकदा हसत म्हणाले.

ज्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही अडत नाहीत, त्यांनी ही सेवा निःशंक घ्यावी. काम वेळेत आणि कागदपत्रांसह होते. इतरांनी पूर्ण नाव पहिल्याच फोनवर सांगावे, म्हणजे निदान चकरा आणि ५०० रुपये वाचतील. हा सल्ला लिहिताना मला संकोच वाटतो, पण तो उपयोगी आहे.

माझ्या भाडेकरूंचा करार मार्चमध्ये संपतो आहे. मागच्या आठवड्यात मी एजन्सीत जाऊन माझ्या अर्जावरची ती ओळ खोडायला सांगितली. मालकांनी पेन काढले, ओळ खोडली, शेजारी माझी सही घेतली आणि अगदी साधेपणाने विचारले, “वहिनींना विचारलंत ना सर?”

मी अजून विचारलेले नव्हते.