टायमिंग मागे फिरवलं आणि म्हणाले, ‘इंजिन संपलं’

बाबांची 1996 ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवते. यंदा एका गॅरेजवाल्याने तिच्या कामाचे माझ्याकडून 23,400 रुपये घेतले, आणि गाडीला खरी गरज होती ती फक्त एका पॉइंट सेटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या छोट्या जोडीची. ठाण्यात, नवी मुंबईत अशा जुन्या गाड्या जिवापाड जपणारे बरेच जण आहेत. पॉइंटवर चालणारं इंजिन समजणारे मात्र फार थोडे उरलेत, आणि लुबाडणाऱ्यांचं त्यावरच फावतं. म्हणून काय घडलं ते सविस्तर लिहितेय.

सुरुवात साधी होती. सकाळी गाडी तीन-चारदा स्टार्टर मारल्याशिवाय सुरू होईना. घोडबंदर रोडने गायमुखच्या चढावर पिकअप मिळेना, टेम्परेचरचा काटाही नेहमीपेक्षा वर. वागळे इस्टेटच्या बाजूला एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरशी (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग, पॉइंट त्याच्याच आत असतात) काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, “ताई, एक चक्कर मारून बघा.” चक्कर मारली तर गाडी आणखीच मेल्यासारखी. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढेना.

मग त्याने कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावून दाखवलं. काटा फार वर गेलाच नाही. “रिंगा गेल्या, वॉल्व्ह बसले. हेड खोलावं लागेल. डिस्ट्रिब्यूटरपण खलास आहे, नवा टाकू.” बाबांची गाडी भंगारात जाणार की काय, या धास्तीने मी हो म्हणाले. पाच दिवसांनी बिल हातात आलं: हेडचं काम आणि गॅस्केट 15,900, नवा डिस्ट्रिब्यूटर 7,500. साध्या कागदावर, ना जीएसटी नंबर, ना जुना पार्ट परत.

गाडी पळायला लागली होती, म्हणून आठवडाभर मला काहीच वावगं वाटलं नाही. मग त्याच गायमुखच्या चढावर इंजिनमधून टकटक यायला लागली, डब्यात खडे हलवावेत तशी. त्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, “नवीन काम आहे, बसायला वेळ लागतो.” आवाज वाढतच गेला.

शेवटी कळव्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांचा पत्ता मिळाला. त्यांची उभी हयात काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून हातात काम फार नसतं, असं तेच म्हणाले. आधी त्यांनी हेडच्या नटांवर टॉर्च मारला. “ताई, हे खोललेलं नाहीये. घाण आहे तशीच आहे बघा.” मग पेट्रोलचा बोळा घेऊन डिस्ट्रिब्यूटरवर घासला. ताजा चंदेरी रंग फडक्यावर आला आणि खाली दिसली कानशीने पाडलेली बारीक खाच, तिच्यात लाल ठिपका. माझ्या घशाशीच आलं. ती खाच बाबांची. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बरोबर लागलं की डिस्ट्रिब्यूटरवर आणि ब्लॉकवर समोरासमोर खूण करून ते तिच्यात आईचं नेलपॉलिश भरायचे. म्हणजे ‘नवा’ डिस्ट्रिब्यूटर आमचाच होता. आणि दोन खुणा आता समोरासमोर नव्हत्या.

काकांनी पुढचं सगळं मला दाखवत केलं. डिस्ट्रिब्यूटरच्या आत एक कॅम फिरतो. त्याचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात आणि त्याच क्षणी ठिणगी पडते. कॅमवर ग्रीसचा थेंब नसेल तर टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जातं. ठिणगी उशिरा पडली की ताकद जाते, इंजिन तापतं. माझ्या गाडीचा मूळ आजार एवढाच होता. त्या गॅरेजवाल्याने डिस्ट्रिब्यूटर आणखी मागे फिरवून तो वाढवून दाखवला. पैसे मिळाल्यावर कानाच्या अंदाजाने पुढे फिरवला, तोही जास्त, म्हणजे ठिणगी हवी त्याहून लवकर, म्हणून ती टकटक. असंच चालवलं असतं तर पिस्टन खरंच गेला असता.

आणि ते गेज? चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा असतो. त्याने बाकीचे तीन प्लग तसेच ठेवले होते आणि ॲक्सिलरेटरला पायही लावला नव्हता. अशाने इंजिन धडधाकट असलं तरी काटा खाली राहतो. काकांनी नीट मोजलं, चारही सिलेंडर जवळपास सारखे.

त्यांनी नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवले. टाच कॅमच्या बरोबर उंचवट्यावर आणून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप लावला, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. गॅप आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप हलला की टायमिंग हलतंच. मग पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनवर घेऊन पुलीची खूण जुळवली, बारा व्होल्टचा बल्ब डिस्ट्रिब्यूटरची प्रायमरी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये लावला, इग्निशन चालू केलं आणि डिस्ट्रिब्यूटर अलगद फिरवत गेले. बल्ब लागला तिथे पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळला. बाबांच्या दोन्ही खुणा केसाच्या अंतरावर आल्या होत्या. सामान धरून काकांनी 900 रुपये घेतले.

मी फोटो घेऊन त्या गॅरेजमध्ये गेले. डिस्ट्रिब्यूटरचे 7,500 त्याने मुकाट्याने परत दिले. हेडच्या पैशांवर मात्र “काम केलंय” हेच पालुपद. आता लेखी नोटीस दिली आहे. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत फी नसते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. कच्चं बिल घेतल्याचं आता फार जड जातंय. यूपीआयचा पुरावा आणि काकांनी लिहून दिलेला कागद एवढंच हाताशी आहे.

तुमच्या पॉइंटवाल्या गाडीला कोणी ‘हाफ इंजिन’, म्हणजे इंजिन खोलून रिंगा-वॉल्व्हचं काम, सांगितलं, तर हेड खोलायला देण्याआधी चार प्लग काढून, ॲक्सिलरेटर दाबून, तुमच्या डोळ्यांदेखत कॉम्प्रेशन मोजायला लावा. डिस्ट्रिब्यूटरच्या जागेचा फोटो गाडी सोडण्याआधीच काढून ठेवा. आणि नुकताच कोणी नवा म्हणून चकचकीत चंदेरी डिस्ट्रिब्यूटर बसवला असेल, तर आजच पेट्रोलचा बोळा घासून बघा.