मेलचा हेडर मी वाचला, तोही चुकीचा

ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं छपाई करून घेतो त्यांचा मेल आला: खातं बदललंय, या वेळचं बिल नव्या खात्यात भरा. नाव तेच, पत्ता अक्षरन्‌ अक्षर तोच. मी शंका विचारलीसुद्धा. दहा मिनिटांत नम्र खुलासा आला. भरले पैसे. आठवड्याने खऱ्या माणसाचा फोन, "बिल राहिलंय ना तुमचं?"

मग हेडर उघडला, म्हणजे मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी त्याच्या प्रवासाची नोंद. 'फ्रॉम' बरोबर होता. 'रिप्लाय-टू'मध्ये, जिथे उत्तर जातं तिथे, मात्र भलताच पत्ता, म्हणजे माझी शंका भामट्यानेच फेडली होती! माझ्या मेल सर्व्हरने 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स'मध्ये निकालही लिहून ठेवला होता: एसपीएफ (हा सर्व्हर त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, वतीने मेल पाठवू शकतो का) पास, डीमार्क (तपासात पास झालेलं डोमेन 'फ्रॉम'मधल्याशी जुळतं का) फेल. या 'पास'ला भुलू नका. एसपीएफ पाहतं ते 'रिटर्न-पाथ'मधलं, न पोचलेला मेल जिथे परततो त्या पत्त्याचं डोमेन, आणि ते भामट्याचं स्वतःचं होतं. डीमार्क नापास होऊनही मेल आत आला, कारण छपाईवाल्यांनी आपल्या डोमेनचं धोरण 'नन' ठेवलं होतं, म्हणजे नापासांनाही अडवू नका. १९८२ च्या मूळ एसएमटीपीत, म्हणजे मेल पोचवायच्या नियमावलीत, पाठवणाऱ्याची खातरजमा करायची सोयच नव्हती. हे सगळं नंतरचं ठिगळकाम.

इथे थांबलो असतो तर निम्मी अब्रू वाचली असती. पण अंगात गुप्तहेर संचारला. प्रत्येक सर्व्हर मेल मिळाल्याची आपली 'रिसीव्हड' ओळ वर चिकटवतो, म्हणून सुरुवात सगळ्यांत खाली शोधायची, एवढं कुठेतरी वाचलं होतं. तळाच्या ओळीत संगणकाचं नाव आणि आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, सापडला. जुन्या खऱ्या मेलशी ताडला, तर त्यांच्याच कार्यालयाचा! 'एक्स-मेलर'मधला, मेल लिहायचा प्रोग्रामही तोच. मी थेट मालकांना सांगून मोकळा झालो की हे तुमच्या हिशेबनिसांचं काम आहे.

सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मैत्रिणीने मला तोच हेडर वरून खाली वाचायला लावला. माझ्या सर्व्हरने ज्या यंत्राकडून मेल घेतला, त्याचा आयपी एका भाड्याच्या सर्व्हरचा होता. खालच्या ओळीत त्या यंत्राचा पत्ताच नाही. साखळी तिथेच तुटलेली. त्याखालचं सगळं पाठवणाऱ्याने हाताने लिहिलेलं, जुन्या खऱ्या मेलमधून उतरवलेलं. आपल्या सर्व्हरची ओळ तेवढी खरी, बाकीचं ऐकीव. आणि खऱ्या आयपीवरूनही घर सापडत नाही, सेवा देणारी कंपनी कळते; ग्राहकाचं नाव तिच्याकडून पोलिसांनी काढायचं.

हिशेबनिसांची माफी मागितली, समोर जाऊन. पैसे तोवर पुढच्या खात्यांत पांगले होते.

तक्रार करताना तो मेल फॉरवर्ड करू नका. फॉरवर्ड झाला की मूळ हेडर गळतात आणि तुमचेच लागतात. 'ईएमएल' फाइल, म्हणजे हेडरसकट अख्खा मेल, उतरवून द्या. मी आधी फॉरवर्डच केला होता.