खासदाराचं काम तपासायचं कुठे: पीआरएसचा तक्ता की संसदेची मूळ कार्यवाही?

आधी आपला खासदार नेमका कोण, हे पक्कं करून घ्यावं. आपल्याकडे जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ यांच्या सीमा जुळत नाहीत. इस्लामपूर आणि शिराळा विधानसभा सांगली जिल्ह्यात, पण लोकसभेला हातकणंगल्यात. फलटण आणि माण सातारा जिल्ह्यात, पण लोकसभेला माढ्यात. इस्लामपुरातल्या मतदाराने सांगलीच्या खासदाराची हजेरी मोजत बसण्यात अर्थ नाही.

नाव पक्कं झालं की दोन दारं आहेत. एक, पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीच्या संस्थेचं खासदारवार पान. दुसरं, संसदेचं स्वतःचं संकेतस्थळ: सदस्याचं पान, प्रश्नोत्तरांच्या पीडीएफ आणि दिवसवार कार्यवाही, म्हणजे सभागृहात काय बोललं गेलं याची शब्दशः नोंद.

पीआरएसची मोठी सोय म्हणजे सगळं एका नजरेत येतं. हजेरीची टक्केवारी, चर्चेतला सहभाग, प्रश्न, खाजगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली). आणि प्रत्येकाशेजारी देशाची व राज्याची सरासरी. ७८ टक्के हजेरी चांगली की वाईट, हे सरासरीशिवाय कळत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर ती तुलना आयती मिळत नाही. पाच मिनिटांत अंदाज हवा असेल तर पीआरएस पुरेसं आहे, आणि त्यात गैर काही नाही.

हजेरीच्या आकड्याबाबत दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. हजेरी म्हणजे त्या दिवशी आल्याची नुसती नोंद. त्यानंतर सदस्य सभागृहात किती वेळ बसला, हे त्यातून कळत नाही. आणि मंत्री ही नोंद करत नाहीत. त्यामुळे सांगलीचे प्रतीक पाटील केंद्रात राज्यमंत्री होते त्या काळाची हजेरी शोधली तर रकाना रिकामा दिसेल. तो रिकामा रकाना म्हणजे दांडी नव्हे.

माझं पारडं मूळ कार्यवाहीकडे झुकलं ते एकाच अडचणीमुळे: आकड्याला तोंड नसतं. शून्य प्रहरात (तातडीचे मुद्दे मांडण्याच्या वेळेत) एका मिनिटात मांडलेला मुद्दा आणि अर्थसंकल्पावरचं मोठं भाषण, मोजणीत दोन्ही एकेकच. प्रश्नांचं त्याहून अवघड. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. एकाच विषयावर अनेक सदस्यांच्या सूचना आल्या की त्या एकत्र केल्या जातात आणि एका प्रश्नावर तीन-चार नावं लागतात. त्या प्रत्येकाच्या खात्यात तो प्रश्न जमा होतो. शिवाय तारांकित म्हणजे सभागृहात विचारलाच, असंही नाही. प्रश्नोत्तराच्या तासात वीसपैकी थोडेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. आपल्या खासदाराने उठून पूरक प्रश्न विचारला का, हे त्या दिवसाची कार्यवाही उघडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून प्रश्न किती, हे बाजूला ठेवून कोणत्या मंत्रालयाला, हे पाहावं. सांगलीसाठी जलशक्ती मंत्रालयाकडे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करण्याबद्दल काय विचारलं? बेदाणा, हळद, उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान दर), पुणे-मिरज रेल्वेचं दुहेरीकरण, कोयना प्रकल्पग्रस्त: यातलं काय दिसतं? दोनशे प्रश्नांत यातला एकही नसेल, तर ते दोनशे कुणाच्या कामाचे, हे मतदाराने विचारायला हवं.

आता मतदान. ‘माझ्या खासदाराने अमुक कायद्याला मत दिलं की नाही’ हे बहुतेकांना हवं असतं, आणि इथेच सर्वांत मोठी निराशा होते. बहुतांश विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तिन्ही कृषी विधेयकं आवाजीने मंजूर झाली. २९ नोव्हेंबर २०२१ ला ती रद्द करणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत आवाजीनेच गेलं. उसाच्या पट्ट्यातल्या मतदाराला ज्या कायद्यांवरचं मत सर्वांत आधी पाहायचं असेल, नेमकी तीच नोंद अस्तित्वात नाही. ती पीआरएसवर नाही, मूळ कार्यवाहीतही नाही.

नावनिशी नोंद होते ती मतविभाजन झालं, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजलं गेलं, तरच. सदस्याने आवाजीच्या निकालाला हरकत घेऊन मतविभाजन मागावं लागतं. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मतविभाजन होतंच. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं, त्याची नावं मिळतात. पण तो दिवस उघडून यादीच वाचावी लागते. मूळ कार्यवाहीला पर्याय नाही तो इथे.

मिळालेल्या मताचा अर्थ लावतानाही जपून. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाच्या व्हिपविरुद्ध (मतदानाच्या आदेशाविरुद्ध) मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे पक्षाच्या खासदाराचं मत बहुतेक वेळा पक्षाचं असतं. सांगलीत २०२४ पासून स्थिती वेगळी आहे. विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले, आणि अपक्षाला तो व्हिप लागू होत नाही. त्यामुळे सांगलीकराला मतविभाजनाची यादी साताऱ्यापेक्षा जास्त सांगून जाते, असं मला वाटतं.

साताऱ्याची अडचण निराळी, कारकीर्द विखुरलेली. उदयनराजे भोसले २००९, २०१४ आणि २०१९ ला लोकसभेवर गेले, २०१९ मध्येच राजीनामा दिला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील आले. उदयनराजे २०२० ला राज्यसभेवर आणि २०२४ ला पुन्हा लोकसभेवर. सतराव्या लोकसभेतले त्यांचे आकडे काही महिन्यांचेच आहेत. ते पाच वर्षांचे समजून कुणी फिरवत असेल तर ती चूक. राज्यसभेची नोंद वेगळ्या विभागात शोधावी लागते.

जुन्या काळासाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे, तिथे पहिल्या लोकसभेपासूनची कार्यवाही मिळते. साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण यांनी जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वास प्रस्ताव मांडला, आणि मतदान होण्याआधीच देसाईंनी राजीनामा दिला. कुठल्याही मतांच्या तक्त्यात ही घटना येणार नाही. कार्यवाहीत ती आहे.

मूळ कार्यवाही वापरायला किचकट आहे, हे मान्य. पाटील आडनावाचे सदस्य अनेक, म्हणून मतदारसंघ ताडून पाहावा. भोसले हे आडनाव तिथे भोंसले असं लिहिलेलं असतं, इंग्रजी शोधात तेच स्पेलिंग टाकावं. मराठीतलं भाषण बहुधा इंग्रजी भाषांतरात दिसतं, त्यामुळे मराठी शब्द टाकून शोधू नये. जुन्या पीडीएफमध्ये हिंदी मजकूर शोधात पुष्कळदा लागत नाही, पानं चाळावी लागतात.

मतविभाजन शोधताना हमखास चुकते ती तारीख. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झालं तेव्हा ३ एप्रिल २०२५ ची पहाट होती, पण बैठक २ एप्रिलची, म्हणून कार्यवाही २ तारखेची उघडावी. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचंही तसंच: मतदान मध्यरात्र उलटल्यावर, बैठक ९ डिसेंबर २०१९ ची. पीडीएफ उघडली की इंग्रजीत ‘डिव्हिजन’ शोधावं. एका विधेयकात दुरुस्त्यांवरही मतविभाजन होतं, तेव्हा पहिल्याच यादीवर थांबू नये. विधेयक मंजूर करण्याच्या प्रस्तावावरची यादी शेवटी असते. आणि तिथे नाव नाही म्हणून लगेच गैरहजर ठरवू नये. बटण नीट न लागल्याने चिठ्ठीवर दिलेली किंवा दुरुस्त केलेली मतं यादीखाली टिपेत दिलेली असतात, ती वाचून मगच काय ते म्हणावं.