तेराव्यासाठी दादरचे सभागृह: जेवण उत्तम, वेळ अपुरा

माझे थोरले काका आषाढात गेले आणि त्यांच्या तेराव्यासाठी आम्ही दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत जाता येईल असे एक सभागृह अर्ध्या दिवसासाठी घेतले. जेवणाचे कामही तिथल्याच केटररबाईंकडे दिले होते. सभागृहाचे नाव येथे देत नाही, कारण अनामत रकमेच्या कपातीवरून व्यवस्थापनाशी आमचे बोलणे अजून संपलेले नाही. शिवाय पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने गिरगाव, पार्ले, मुलुंड येथील पुष्कळ सभागृहांनाही लागू पडेल असे वाटते.

विधींसाठी मुंबईत जागेची अडचण फारशी पडत नाही. दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो होतो. तेथला तलाव १७१५ साली रामा कामत यांच्या देणगीतून नव्याने बांधला गेला, आणि आज चहूबाजूंनी उंच इमारती उठल्या असल्या तरी पायऱ्यांवर पिंड ठेवायला जागा आहे, गुरुजी आहेत आणि कावळेही आहेत. अडचण सुरू होते ती त्यानंतर, शंभर-सव्वाशे नातेवाइकांना एका छपराखाली बसवायचे म्हटले की. काकांचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. तेथे कोणाचे तेरावे असले की मजल्यावरची बिऱ्हाडे आपापल्या खोल्या मोकळ्या करून देत, गॅलरीत पंगती बसत आणि जेवणे झाल्यावर बायका-पुरुष संध्याकाळपर्यंत तेथेच रेंगाळत. आता ती चाळ पुनर्विकासात गेली, माणसे दहिसर, विरार, डोंबिवली, बदलापूर, पनवेल अशी पांगली, आणि सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या घरात आत्यांचे एक कुटुंब आले तरी दुसऱ्याने जिन्यात उभे राहायचे अशी स्थिती आहे. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वे मिळतात, आणि कुडाळ-कणकवलीकडच्या मंडळींना तुतारी एक्स्प्रेस सकाळी थेट दादरलाच आणून सोडते, म्हणून दादर ठरले. अशा प्रसंगी सभागृहाला आपण पैसे मोजतो ते मुख्यतः एकत्र बसता यावे म्हणून, आणि याच मापाने मी या सभागृहाकडे पाहतो आहे.

आरक्षणाचा अनुभव चांगला होता. चातुर्मास तोंडावर आलेला, लग्नाचे मुहूर्त संपलेले, त्यामुळे तारीख चार-पाच दिवस आधी मागूनही मिळाली. हेच मार्गशीर्षात किंवा वैशाखात घडले असते तर शाळेचा हॉल नाहीतर जिमखान्याची खोली शोधत फिरावे लागले असते. अर्ध्या दिवसाचे भाडे २८,००० रुपये, अनामत १०,००० रुपये, निधनशांतीचा होम सभागृहातच करायचा असल्यास त्याचा आकार वेगळा, आणि जेवण पानामागे ४२० रुपये. दादरच्या मानाने हे दर चढे म्हणता येणार नाहीत. होमाच्या वेळी एसी बंद करून खिडक्या उघडाव्या लागतात हे त्यांनी आधीच सांगितले, पावतीवरही लिहिले.

केटररबाईंविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. पंगतीचा आकडा निश्चित करताना बहुतेक केटरर लग्नाचाच हिशेब लावतात: अमुक पानांची हमी द्या, कमी आले तरी पैसे तेवढेच. तेराव्याला हा हिशेब चालत नाही, कारण तेराव्याची कोणी पत्रिका छापत नाही आणि कोणी ‘येतो’ म्हणून कळवतही नाही. फोनवरून आणि व्हॉट्सॲपवरून एक निरोप जातो, तो पुढे कोणकोणाला जातो हे घरच्यांनाही ठाऊक नसते, आणि ज्यांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेले नाही असे चुलत-मावस नातेवाईक सकाळी दारात उभे राहतात. या बाईंनी हे न सांगता ओळखले होते. हमी त्यांनी फक्त ७५ पानांची घेतली, वरचा अंदाज आदल्या संध्याकाळी कळवायला सांगितला, आणि त्याहूनही दहा-पंधरा पाने जास्त झाली तर भात आणि वरण कमी पडणार नाही असा शब्द दिला. तो त्यांनी पाळला.

पदार्थ ठरवताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मी आजवर कोणत्याच केटररच्या तोंडून ऐकलेला नव्हता. “काकांना गोडात काय आवडायचं?” काकांना जिलबी आवडे. पावसाळी हवेत आदल्या दिवशीची जिलबी मऊ पडते म्हणून बाईंनी तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात त्याच सकाळी कढई चढवली आणि जिलबी पानात पडली तेव्हा ती अजून कोमट होती. मधुमेह झाल्यापासून काकांची जिलबी काकूंनी बंद केली होती. पंगतीत ती वाढली जाताच एक भाचा म्हणाला की मामा आमच्याकडे आले की आम्ही ती हळूच आणून ठेवायचो. त्यावर पलीकडच्या पानावरून आतेबहिणीने तेच सांगितले आणि मग काकांच्या कार्यालयातल्या जुन्या मित्रांनीही. काकूंनी हे सगळे ऐकून घेतले आणि, त्या दिवसांत पहिल्यांदाच, त्या मोठ्याने हसल्या.

बाकीचे जेवणही उत्तम होते. अळूचे फदफदे हा अशा जेवणातला खरा कसोटीचा पदार्थ, कारण मोठ्या प्रमाणावर केले की एकतर ते खाजते नाहीतर बेसनाने चिकट होते. येथे ते चिंचगुळाच्या बेताने नीट जमले होते. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ शिजूनही दाताखाली येत होती आणि मुळ्याच्या चकत्या विरघळून गेल्या नव्हत्या. तांबड्या भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी, तांदळाची खीर, सारे कांदा-लसणाशिवाय आणि तरी चवीला भरभक्कम. उडदाचे वडे पहिल्या पंगतीला कुरकुरीत मिळाले, दुसरीला थोडे गार. पण त्याचा दोष मी स्वयंपाकघराला देणार नाही. तेरावा दिवस रविवारी आला होता, माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक होता, आणि डोंबिवली-बदलापूरची मंडळी दुसऱ्या पंगतीच्याही मध्यावर पोहोचत होती. त्यांच्यासाठी बाईंनी वड्यांचा एक घाणा मागे ठेवला होता आणि ते लोक पानावर बसल्यावरच तो तळला.

वाढपी शांत होते, हाही गुण नोंदवला पाहिजे. लग्नात शोभणारा आग्रह येथे शोभत नाही, पण पानात काय संपले याकडे लक्ष मात्र तेवढेच हवे. बुफे घ्यायचा की पंगत, असा पर्याय सभागृह देते. पंगतच घ्यावी. हातात ताट धरून सत्तरीच्या आत्यांनी रांगेत उभे राहायचे आणि जेवता जेवता जागा शोधायची, हे तेराव्याला फार वाईट दिसते. शिवाय पंगतीत ज्याच्या शेजारी बसावे लागते त्याच्याशी बोलणे होते, आणि आमच्या घरातल्या दोन चुलतभावांचा, जागेच्या वादावरून तुटलेला संवाद त्या दिवशी मठ्ठ्याच्या वाटीच्या देवाणघेवाणीतून पुन्हा सुरू झाला. तो टिकेल की नाही, हा प्रश्न सभागृहाच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता सभागृहाविषयी. ते लग्नासाठी बांधलेले आहे आणि तेरावी घेणे हा त्यांचा पावसाळ्यातला जोडधंदा आहे, हे पावलोपावली जाणवते. काकांचा फोटो ठेवायला टेबल मागितले तेव्हा गुलाबी सॅटिनच्या झालरीचे टेबल आले. झालर काढून पांढरी चादर अंथरायची कल्पना आमच्याच वहिनींची. रक्तदाब वाढल्यासारखे वाटून काकूंना थोडा वेळ आडवे व्हायचे होते. त्यासाठी दिलेल्या खोलीत पलंग स्वच्छ होता, पंखा आणि पिण्याचे पाणी होते, शौचालय लागूनच होते, पण दारावर ‘वधूपक्ष’ अशी पितळी अक्षरांची पाटी होती. व्यवस्थापकांना सांगितल्यावर त्यांनी ओशाळून तिच्यावर कागद चिकटवला. बाहेर पडण्याच्या दारावर ‘धन्यवाद, पुन्हा या’ असे लिहिलेले आहे. जिथे माणसे निघताना ‘येतो’ हा शब्दही टाळतात, तिथे ही पाटी वाचून आमच्या तरुण मंडळींना हसू आवरेना, आणि मला त्यात काही गैर वाटले नाही; परंतु जो धंदा वर्षातून इतक्या वेळा केला जातो त्यासाठी दोन पाट्या झाकण्याची व्यवस्था करायला कितीसा खर्च येतो?

लिफ्ट लहान आहे, चाकाची खुर्ची तीत जेमतेम मावते. खुर्च्या व्याख्यानासारख्या मंचाकडे तोंड करून रांगेने मांडलेल्या होत्या. तेराव्याला मंचावर पाहण्यासारखे काही नसते, तेव्हा आम्ही त्या गोलाकार लावून मागितल्या, आणि तेथल्या मुलांनी कपाळाला आठी न घालता त्या पाच-सहा घोळक्यांत मांडून दिल्या. आरक्षण करतानाच ही मांडणी सांगून ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

खरी तक्रार वेळेची आहे. सकाळी आठ ते दुपारी तीन एवढाच वेळ मिळतो. होम आटोपायला साडेअकरा वाजले, पंगती दोनच्या पुढे गेल्या, आणि जिच्यासाठी ही सारी मंडळी जमली होती ती बैठक पाऊण तासात उरकावी लागली. आत्या चाळीतल्या गोष्टी सांगत होत्या, काकांच्या विम्याचे आणि बँकेचे कागद कोणी पाहायचे हे ठरत होते, सोसायटीच्या भाग-प्रमाणपत्रावर पुढे कोणाचे नाव लावायचे हा नाजूक विषय नुकताच निघाला होता, तेवढ्यात पावणेतीनच्या सुमारास संध्याकाळच्या वाढदिवसाचे सजावटवाले फुग्यांचे गठ्ठे घेऊन आत आले आणि ध्वनिवर्धकाची चाचणी सुरू झाली. चाचणीसाठी त्यांनी जे गाणे लावले ते प्रसंगाला अगदीच विसंगत होते. विनंती केल्यावर आवाज कमी झाला, बंद झाला नाही. दोन कार्यांत किमान दीड तासाचे अंतर ठेवणे किंवा निदान शेजारची लहान खोली तेराव्याच्या मंडळींना संध्याकाळपर्यंत वापरू देणे, यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. कुडाळच्या पाहुण्यांची परतीची तुतारी मध्यरात्रीनंतरची. तोवर त्या वृद्ध माणसांनी सामानासकट कोठे बसायचे, याचा विचार आम्हालाच करावा लागला. माटुंग्याच्या आतेभावाचे घर जवळ होते म्हणून निभावले.

ज्यांना संध्याकाळपर्यंत बसायचे आहे त्यांनी पूर्ण दिवसाचे आरक्षण घ्यावे. भाडे दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होते, आणि सात-आठ कुटुंबांनी वाटून घेतले तर ते जड जात नाही. विधी घरी किंवा अन्यत्र करून सभागृह केवळ जेवण आणि बैठकीसाठी अकरानंतर घेण्याचा मार्गही आहे. चौकशी केल्यावर व्यवस्थापकांनी तशी सोय असल्याचे सांगितले, मात्र दरपत्रकात तिचा उल्लेख नाही.

अनामतीतून त्यांनी २,००० रुपये ‘वेळेपेक्षा अधिक वापर’ या कारणाने कापले आहेत. आम्ही सव्वातीनला बाहेर पडलो, हे खरे. परंतु दुसऱ्या पंगतीसाठी टेबले पुसून मांडायला सभागृहाच्या माणसांनी वीस मिनिटे घेतली, तीही त्यात धरली गेली आहेत. लेखी अर्ज दिला आहे. केटररबाईंचे पैसे मात्र आम्ही त्याच दिवशी चुकते केले, आणि काकांच्या वर्षश्राद्धाला स्वयंपाक त्यांच्याचकडे द्यायचा, मग जागा कोणतीही असो, असे काकूंनी निघतानाच त्यांना सांगून टाकले.