पोर्ट-वाइन स्टेनवर पल्स्ड डाय लेसर, काही महिन्यांनी काय फरक पडला

जन्मापासून उजव्या गालावर आणि खाली मानेपर्यंत डाग आहे, पोर्ट-वाइन स्टेन, म्हणजे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद असल्यामुळे दिसणारा जन्मखूण. लहानपणी सपाट गुलाबी होता, वय वाढलं तसा जांभळट झाला, गालावर जाड झाला आणि त्यावर बारीक गाठी यायला लागल्या, म्हणून लेसर सुरू केलं. "आपोआप जाईल" असं सांगणारे भरपूर भेटतात, पण तसं होतं ते बाळांच्या हिमॅन्जिओमाचं (रक्तवाहिन्यांची लाल गाठ), तो वेगळा प्रकार, त्याला २००८ पासून प्रोप्रानोलॉल हे औषध देतात, आपल्या डागाला त्याचा उपयोग नाही.

मशीन ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडणारं. तो प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं आणि बारीक रक्तवाहिनी तापून बंद होते. सावळ्या कातडीत मेलॅनिन पण तोच प्रकाश ओढून घेतं, त्यामुळे भाजण्याची किंवा काळे-पांढरे डाग पडायची भीती जास्त, टेस्ट पॅचशिवाय (आधी छोट्या जागेवर चाचणी) पूर्ण गाल कुणालाही करू देऊ नका.

दुखतं का तर हो, प्रत्येक शॉटला गरम रबरबँड मारल्यासारखं, लगेच थंड स्प्रे येतो तेवढाच दिलासा. नंतर आठ-दहा दिवस चेहरा काळानिळा, लोक विचारतात कोणाशी भांडण झालं, हे सगळ्यात कंटाळवाणं. प्रत्येक सेशनमध्ये काही आठवड्यांचं अंतर आणि मध्ये सनस्क्रीन पाळायचंच, चेहरा टॅन असेल तर सेशन पुढे ढकलतात.

आता फरक. मान मस्त फिकी झाली, फोटो शेजारी ठेवले की कळतं, रोज आरशात बघून काही कळत नाही. पण नाकाजवळचा गाल आणि वरचा ओठ हट्टी आहेत, डॉक्टर म्हणाले चेहऱ्याचा मधला भाग कमीच प्रतिसाद देतो. आणि पूर्ण साफ होणं बहुतेकांच्या नशिबी नसतं, वर्षांनी परत गडद होऊ शकतो, हे आधीच ऐकून घ्या. कुठे कार्यक्रम असला की डाग झाकणारं कॅमोफ्लाज क्रीम अजूनही लावतेच मी, त्यात कमीपणा काय.

बाळाच्या कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असा डाग असेल तर लेसरच्या आधी डोळ्यांचा दाब आणि स्टर्ज-वेबरची (डागासोबत मेंदू आणि डोळ्यांवर परिणाम करणारा आजार) तपासणी, ते दिसण्यापेक्षा फार महत्त्वाचं.

माझ्या जाड भागासाठी आता १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग हे दुसरं लेसर सुचवलंय, ते खोल जातं पण व्रणाचा धोकाही वाढतो. आधी कोपऱ्यात एक छोटा पॅच करून बघणार, मग ठरवेन.