तुरुंगात असलेल्या माणसाच्या शिक्षणासाठी काय घ्यावं : दोन वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

माझा मोठा भाऊ आत आहे, शिक्षा चालू आहे, आणि गेली दोन वर्षं त्याच्या शिकण्याची बाहेरची सगळी धावपळ मी करतेय, फॉर्म भरा, पुस्तकं पाठवा, ऑफिसात फोन लावत बसा. घरातलं कोणी आत असेल आणि काय घ्यावं कळत नसेल त्यांच्यासाठी लिहितेय, मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

आधी तुरुंगात अभ्यासासाठी मिळतो तो टॅबलेट, कारण गाजावाजा त्याचाच जास्त. दादाला मिळाला तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच आनंद झालेला. पण नेट नसतं, कंपनीनं भरून दिलंय तेवढंच. व्हिडिओ बघायचा, चारातला एक पर्याय दाबायचा, हिरवी खूण आली की पुढचा धडा. दादानं गणिताचे 19 धडे असे "पूर्ण" केले आणि भेटीत मी अपूर्णांकांची साधी बेरीज घातली तर जमेना, कारण चूक नेमकी कुठे होतेय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि पैसे कशाकशाचे लागतात ते आधी विचारा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या तुरुंगांत टॅबलेटवर वाचायला मिनिटावर पैसे लावले होते, 2019 मध्ये ते बाहेर आलं, आणि त्यातली पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवरची, जी बाहेर कोणालाही फुकट मिळतात. हळू वाचणाऱ्याला जास्त पैसे, हे वाचून मला रडूच आलं. टॅबलेटला 5 पैकी 2, तेही त्यात शब्दकोश होता म्हणून.

फुकट पुस्तकं पाठवणाऱ्या संस्था चांगल्या असतात, मनापासून काम करतात, फक्त नियम आधी बघा. बऱ्याच ठिकाणी जाड पुठ्ठ्याचं चालत नाही, तारेच्या बाइंडिंगचं चालत नाही, आत पेनानं काही लिहिलेलं असेल तर परत येतं, माझी दोन पार्सलं अशीच परत आली. काय पाठवू सुचत नसेल तर शब्दकोश पाठवा, आतून सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते. 5 पैकी 4.

आता पोस्टाचा कोर्स. दिसायला एकदम जुनाट, छापील धडे, हातानं उत्तरं लिहायची, पाठवायची, महिना-दीड महिना वाट बघायची. पण पहिला तपासलेला पेपर परत आला त्यात एका गणिताशेजारी लिहिलेलं, "इथपर्यंत बरोबर आहे, आता छेद पुन्हा बघा." दादानं फोनवर मला ती ओळ दोनदा वाचून दाखवली. म्हणाला, अगं कोणीतरी बसून वाचलंय गं हे. त्या दिवसापासून तो अभ्यासाला लागला, मी सांगून नाही. म्हणून मी आता कुठल्याही सोयीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारते की पाठवलेलं काम तपासून परत येतं का.

तोटा मोठा एकच, बदली. दादाला दुसऱ्या तुरुंगात हलवलं आणि तीन पेपर वाटेत गायब झाले, चार महिने वाया. तेव्हापासून पाठवण्याआधी नक्कल काढून ठेवायला लावते. 5 पैकी साडेचार.

आणि सगळ्यात भारी, ज्याला ना वीज लागते ना पोस्ट, कैद्यानं कैद्याला वाचायला शिकवणं. ब्रिटनमध्ये 1997 मध्ये स्थापन झालेली शॅनन ट्रस्ट ही संस्था हे करतेय, वाचता येणारा कैदी न येणाऱ्याशेजारी बसतो, एका वेळी साधारण 20 मिनिटं. दादाच्या बराकीत अशीच छोटी सोय आहे, तिथे तो एका वयस्क माणसाला शिकवतो, ज्यांना घरचं पत्र इतकी वर्षं दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं. स्वतःच्या घरचं खाजगी बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं! आता अर्धं पत्र ते स्वतः वाचतात. 5 पैकी 5.

"यांना शिकवून काय उपयोग" म्हणणारे भेटतातच. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेनं 2013 मध्ये जुने बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं, आत शिकलेल्यांचं पुन्हा तुरुंगात जाण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा शंभरामागे 13 जणांनी कमी होतं. आणि लायब्ररी नाही असं सांगितलं तर कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियम दाखवा, नियम 64 लायब्ररीचा, 104 शिक्षणाचा. कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण अर्जात नंबर घातला की माझ्या अर्जाला उत्तर तरी आलं.

शेवटचं, नाव घालायच्या आधी सर्टिफिकेटचा नमुना मागवा. त्यावर तुरुंगाचं नाव छापणार असतील तर कोर्स कितीही चांगला असू दे, घेऊ नका, उद्या नोकरीला तेच दाखवायचंय. आम्ही एक त्यामुळेच सोडला. दादाचा बीजगणिताचा दुसरा संच गेल्या आठवड्यात गेलाय, नक्कल काढून.